पार्श्वभूमी : ‘सनद’ आपल्या कचेऱ्यांत कशी मुरली

तहसील कचेरीच्या व्हरांड्यात एक फलक असतो. वर ‘नागरिकांची सनद’ अशी ठळक अक्षरे आणि खाली रकाने : सेवेचे नाव, लागणारी कागदपत्रे, कालावधी, सेवा देणारा अधिकारी, आणि काम वेळेत झाले नाही तर दाद कुणाकडे मागायची. फलक जुना असला तर अधिकाऱ्याच्या रकान्यात ऑइलपेंटचे दोन-तीन थर दिसतात. सुरुवातीला तिथे नाव होते. बदली झाली, रंगारी आला, नवे नाव लिहिले गेले. पुन्हा बदली, पुन्हा रंगारी. मग कुणीतरी नाव पुसून पदनाम लिहून घेतले आणि रंगाऱ्याच्या बिलाचा प्रश्न कायमचा मिटला. ही कल्पना ज्या देशातून आली तिथे कर्मचाऱ्याने छातीवर नावाची पट्टी लावून लोकांसमोर बसावे, असा तिचा आग्रह होता. आपल्याकडे नाव गेले आणि पद राहिले. ते वाईटच झाले, असे मला वाटत नाही. का, ते पुढे येईल.

प्रशासनात बाहेरचे काही आणून बसवायचे ही आपली जुनी रीत आहे. स्पर्धा परीक्षेने अधिकारी निवडण्याची पद्धत १८५० च्या दशकात हिंदुस्थानातल्या सेवेला लागू झाली. विलायतेच्या स्वतःच्या खात्यांत ती रुळायला १८७० उजाडले. म्हणजे त्या बाबतीत प्रयोग आधी आपल्यावर झाला. स्वातंत्र्यानंतर ओघ अमेरिकेकडून सुरू झाला. १९५३ मध्ये एका अमेरिकन सल्लागाराने केंद्र सरकारला अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी कार्यालयांची रचना व कामाच्या पद्धती तपासणारा ‘ओ अँड एम’ विभाग उभा राहिला. ‘परफॉर्मन्स बजेट’ हेही तिकडलेच. पैसा किती खर्च झाला यापेक्षा त्यातून काय निपजले ते सांगणारे अंदाजपत्रक, अशी त्याची कल्पना. केंद्रात ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. महाराष्ट्रात त्याला ‘कार्यक्रम अंदाजपत्रक’ म्हणतात. ते जुन्या अंदाजपत्रकाची विचारपद्धती बदलायला आले आणि जुन्याच्या शेजारी निमूट बसले. खात्याच्या कपाटात एक पुस्तिका वाढली. २००५-०६ मध्ये केंद्राने ‘आउटकम बजेट’ आणले तेव्हा आणखी एक वाढली. आपल्या दफ्तराची खोड इथे पहिल्यांदा नीट दिसते. दफ्तर नव्याला नाही म्हणत नाही, त्याला एक नोंदवही उघडून देते.

आज ज्या सुधारणांची चर्चा चालते त्या मात्र वेगळ्या घराण्यातल्या. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये ‘नवलोकप्रशासन’ आणि ‘नव सार्वजनिक व्यवस्थापन’ ही दोन नावे हमखास एकमेकांत मिसळतात, म्हणून एवढेच सांगतो : पहिले १९६८ च्या अमेरिकन परिषदेतून आलेले, समतेचा आणि सामाजिक न्यायाचा आग्रह धरणारे, दुसरे १९८० च्या दशकातले, सरकारी खात्याने उद्योगासारखे चालावे म्हणणारे. आपल्याकडे आले ते दुसरे. त्याचे माहेर ब्रिटन आणि न्यूझीलंड.

न्यूझीलंडने १९८८ च्या कायद्याने खातेप्रमुखांना ठरावीक मुदतीच्या करारावर घेतले. काय साध्य करायचे ते लेखी, आणि ते कसे करायचे याची मोकळीक खातेप्रमुखाला. माणसे घेणे, पैसा वळवणे, रचना बदलणे हे सगळे त्याच्या हाती. या सौद्याचा आपल्याकडे अर्धाच भाग आला. केंद्रात २००९ पासून काही वर्षे प्रत्येक मंत्रालयाने वर्षारंभी उद्दिष्टांचा दस्तऐवज करायचा आणि वर्षअखेर त्यावर गुण मोजायचे, अशी पद्धत होती. उद्दिष्टे लेखी आली, मोकळीक आली नाही. एक पद भरायचे तर वित्त विभागाची मान्यता आणि एक संगणक घ्यायचा तर खरेदीचे नियम, हे जसेच्या तसे. वर उद्दिष्टांचा मसुदा खात्यानेच करायचा. स्वतःची प्रश्नपत्रिका स्वतः काढायला मिळाली तर अवघड प्रश्न कोण घालेल? २०१४ नंतर ही पद्धत कुणी वाजतगाजत बंद केली नाही, ती विझली.

तीच गत कामाच्या मूल्यमापनाची. पूर्वी ‘गोपनीय अहवाल’ खरोखर गोपनीय असे; फक्त प्रतिकूल शेरे कळवले जात. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रत्येक शेरा, प्रत्येक श्रेणी कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. न्यायाच्या दृष्टीने यात वावगे काहीच नाही. पण शेरा कळवायचा म्हटल्यावर शेरा गोड होऊ लागला. ‘ब’ दिला की अभिवेदन, म्हणजे फेरविचाराचा अर्ज येणार, त्यावर अभिप्राय द्यावा लागणार, एक नस्ती, म्हणजे फाईल उघडावी लागणार. त्यापेक्षा ‘अ’ दिलेला बरा. आपल्या श्रेणींत ‘निश्चित चांगला’ अशीही एक श्रेणी आहे. ती हातात पडलेला माणूस घरी जाऊन आपले निश्चित काय चुकले याचा विचार करतो.

हे झाले कचेरीच्या आतले. लोकांपर्यंत आली ती सनद, आणि माझ्या मते सगळा गुंता त्या शब्दात आहे.

जुलै १९९१ मध्ये ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या सरकारने नागरिकांसाठी ‘चार्टर’ जाहीर केला. सेवेचा दर्जा आधी ठरवा, तो छापा, तो पाळला का ते सांगा, चुकलात तर माफी मागा आणि भरपाई द्या, हा त्याचा मथितार्थ. तो कायदा नव्हता. पण रेल्वेचे सेवेचे मापदंड पाळले गेले नाहीत तर प्रवाशाला पैशांत काहीतरी परत मिळे, एवढे दात त्याला होते. नागरिकाकडे ग्राहक म्हणून पाहणे हा त्याचा पाया. या कल्पनेला आपल्यापर्यंत यायला सहा वर्षे लागली. मे १९९७ मध्ये दिल्लीत मुख्यमंत्र्यांची परिषद झाली, परिणामकारक आणि प्रतिसाद देणाऱ्या शासनाचा कृती आराखडा मंजूर झाला आणि खात्यांनी चार्टर करायचे ठरले. सुरुवात लोकांचा रोजचा राबता असलेल्या खात्यांपासून : रेल्वे, टपाल, दूरसंचार, रेशनिंग.

मराठीत चार्टरला काय म्हणायचे? ‘हमीपत्र’ चालले असते, साधे ‘वचन’ही चालले असते. रूढ झाला तो शब्द ‘सनद’.

सनद हा शब्द अरबी-फारसीतून आपल्या दफ्तरात आला आणि इथलाच होऊन गेला. इनामाची सनद, वतनाची सनद, सरंजामाची सनद. सनद धनी देतो आणि चाकर घेतो. ती देणे धन्याच्या मर्जीवर असते आणि मर्जी फिरली की ती परतही जाते. नवा धनी गादीवर आला की जुन्या सनदा त्याच्यापुढे ठेवून नव्याने करून घ्याव्या लागत, नजराणा वेगळा. पुढे कंपनीशी करार करून नोकरीला लागलेल्या साहेबांना आपण ‘सनदी नोकर’ म्हणू लागलो. कंपनी गेली, राणी गेली, पण आयएएस अधिकाऱ्याला आजही वर्तमानपत्रे ‘सनदी अधिकारी’च लिहितात. घटनेच्या चौकटीतल्या राजकारणाला ‘सनदशीर मार्ग’ हे नाव पडले. त्यातही सरकारने जेवढी वाट आखून दिली तेवढ्यातूनच चालायचे, हा भाव आहेच. वकिलाला सनद मिळते. सिटी सर्व्हे झाला की घरमालकाला सनद मिळते. अलीकडे गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन स्वामित्व योजनेत गावकऱ्यांना मिळते तिचेही नाव सनदच. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. सनद वरून खाली येते, आणि ती घ्यायला जावे लागते.

इंग्रजीतला चार्टरही मुळात राजानेच दिलेला, त्यामुळे भाषांतर चुकले असे म्हणता येणार नाही. अवघ्या जगाला ठाऊक असलेली १२१५ ची ‘मॅग्ना कार्टा’ हीही राजाकडून घेतलेली सनदच होती, भले ती मानगूट धरून घेतलेली असो. फरक एवढाच की १९९१ मध्ये ब्रिटनने त्या जुन्या शब्दाचे टोक जाणूनबुजून उलटे फिरवले. मराठीत ते फिरले नाही. शब्द इतका मुरलेला होता की त्याने नव्या कल्पनेलाच आपल्या वळणावर नेले. म्हणून ‘नागरिकांची सनद’ यातला ‘ची’ मला कायम संशयास्पद वाटत आला आहे. ती नागरिकांनी केलेली नाही, करताना कुणी त्यांना विचारलेले नाही. कचेरीने केली, वरिष्ठ कार्यालयाने मान्य केली आणि नागरिकांसाठी लावली. गेल्या दशकात एका जिल्ह्याची सनद वाचत होतो. सातव्या पानावर भलत्याच जिल्ह्याचे नाव आले. शेजारच्यांची सनद घेऊन नाव बदलले होते, एक जागा राहून गेली. दोन्ही जिल्ह्यांत कालावधी अर्थातच सारखे.

आणि वाक्यरचना पाहा. मूळ चार्टरची भाषा प्रथमपुरुषी : आम्ही तुमच्या पत्राला इतक्या दिवसांत उत्तर देऊ, देऊ शकलो नाही तर का ते सांगू. आपल्याकडे तेच वाक्य ‘पत्राचे उत्तर सात दिवसांत देण्यात येईल’ असे झाले. ‘देण्यात येईल’, ‘कळविण्यात येते की’, ‘नोंद घेण्यात यावी’. कर्ता नसलेली ही मराठी दफ्तराने दीडशे वर्षे घासूनपुसून तयार केली आहे. तिच्यात काम होते, पण ते कोणी करत नाही. वचन देणारा माणूसच वाक्यातून काढून टाकला तर ते वचन उरते का? मला वाटते, उरते ती सूचना. सनदेचे फलक लोक थांबून वाचत नाहीत याचा दोष पुष्कळ जण लोकांच्या उदासीनतेला देतात. मी निम्मा दोष या क्रियापदांना देतो.

‘ग्राहक’ ही कल्पना तर दारातूनच परत गेली. कचेरीत तुम्ही अर्जदार असता, तक्रारदार असता, लाभार्थी असता, पाहुण्यासारखे ‘अभ्यागत’ही असता. ग्राहक नसता. ग्राहकाला दुसऱ्या दुकानात जाता येते. सातबारावरची फेरफार नोंद करायला शेजारच्या तालुक्यातला बरा तलाठी गाठता येत नाही. ब्रिटनमध्येही ही अडचण होतीच, पण तिथे बाजाराची भाषा इतकी फोफावली होती की ती झाकली गेली. आपल्या कचेऱ्यांनी हे सोंग वठवलेच नाही. यात मला एक प्रकारचा प्रामाणिकपणा दिसतो.

२००५-०६ च्या सुमारास केंद्राने सनदेला दर्जाच्या प्रमाणपत्राची जोड दिली. सेवा आणि उत्तम यांची संधी करून ‘सेवोत्तम’ असे नाव ठेवले आणि भारतीय मानकही निघाले. त्यावर इथे वेळ घालवत नाही. प्रमाणपत्र भिंतीवर सनदेच्या शेजारी लागले.

महाराष्ट्राने याच सुमारास वेगळी वाट धरली. बदल्यांमधला बाजार आणि कामातली दिरंगाई यांविरुद्ध राज्यात उपोषणे-आंदोलने झाली होती. त्यातून एक लांबलचक नावाचा कायदा आला : शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. अंमल १ जुलै २००६ पासून. बदल्या आणि विलंब एकाच कायद्यात का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. माझे उत्तर असे की कचेरीच्या लेखी त्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. टेबलावर माणूस टिकणार की नाही यावर फाईल हलणार की नाही हे ठरते. याच कायद्याने प्रत्येक कार्यालयाला नागरिकांची सनद सक्तीची केली. कायद्याचा आधार नसलेली विलायती कल्पना इथे कलम होऊन बसली.

पण या कायद्यातले खरे वादाचे कलम पुढचे. कोणतीही नस्ती कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. तातडीची असेल तर चार दिवस. अगदी तात्काळ असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय, पाठवावी लागत असेल तर तीन महिन्यांत. वाचायला चोख. ज्याने मंत्रालयातल्या नस्तीचा प्रवास पाहिला आहे त्याला मात्र पहिला आकडा वाचताच हसू येते. सात दिवस नस्तीला दिलेले नाहीत, टेबलाला दिलेले आहेत. सहायक कक्ष अधिकारी, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सहसचिव, सचिव : सहा टेबले. सात सख्खे बेचाळीस. वर जाताना प्रत्येकाने नियम पाळला तरी दोन महिन्यांचे कामकाजाचे दिवस संपतात, आणि नस्तीला खालीही यायचे असते. वाटेत कुणी ‘चर्चा करावी’ असे दोन शब्द लिहिले की ती सापशिडीतल्या सोंगटीसारखी खाली घसरते.

विलायती सुधारणा नागरिकाच्या घड्याळाने वेळ मोजत होती : अर्ज दिला कधी, हातात काय आले कधी. आपल्या कायद्याने तीच वेळ टेबलाच्या घड्याळाने मोजली, कारण दफ्तराला वेळ तशीच मोजता येते. कार्यविवरण नोंदवहीत प्रत्येक टपालाला क्रमांक, तारीख, कुणाकडे दिले, कधी निकाली निघाले. महिन्याच्या शेवटी गोषवारा : आरंभीची शिल्लक, नवीन आवक, निर्गती (निकाली निघालेले), अखेरची शिल्लक. ही मोजदाद आपल्या कचेरीला पिढ्यान्‌पिढ्या येते. सात दिवसांची मर्यादा त्या रकान्यांत अलगद बसली. गंमत म्हणजे, सगळ्याच नस्त्यांवर ‘तात्काळ’चे लेबल लागायला लागले आणि लेबलाचा अर्थच गेला. मग ‘अतितात्काळ’ आले. कायद्यात दिरंगाईसाठी शिस्तभंगाची तरतूद आहे, पण ती हेतुपुरस्सर केलेल्या विलंबासाठी किंवा हयगयीसाठी. हेतू सिद्ध करणे म्हणजे काय, हे ज्यांनी विभागीय चौकशी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. कामाचा अतिरिक्त भार, रिक्त पदे, निवडणुकीची ड्युटी : हेतू सोडून सगळे तिथे सापडते.

इथे थोडे थांबून एक देशी उदाहरण आठवायला हवे, नाहीतर बाहेरून आलेले सगळे अडखळते आणि आतून काही उगवतच नाही असा समज होईल. चार्टर हा शब्दही कुणी ऐकला नव्हता तेव्हा, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात टेबलांची मांडणी, दफ्तराची वर्गवारी आणि लोकांच्या बसण्याची सोय यांची फेररचना झाली. तिथले जिल्हाधिकारी अनिल लखिना यांच्या नावाने, ‘लखिना पॅटर्न’ म्हणून, ती राज्यभर गाजली. अलीकडे, गेल्या दशकाच्या उत्तरार्धात, पुणे विभागातून ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ची मोहीम निघाली. दोन्हींत नागरिकाला राजा म्हटलेले नव्हते. कागद किती काळ जपायचा त्यानुसार अ, ब, क, ड वर्गवारी करा, ड वर्गातले निर्लेखित, म्हणजे नष्ट करा, गठ्ठे लावा, रोजचे टपाल रोज काढा, एवढेच. ज्या कारकुनाला ‘सेवादर्जाचे मापदंड’ कळत नव्हते त्याला ‘गठ्ठा मोकळा करा’ हे पहिल्या दिवशी कळले. यांतले बरेच प्रयोग त्या-त्या अधिकाऱ्याबरोबर बदलून गेले, हेही खरे.

तर, सनद भिंतीवर होती आणि सात दिवस गोषवाऱ्यात होते. पुढचे पाऊल मध्य प्रदेशाने टाकले. २०१० मध्ये तिथे लोकसेवा हमीचा कायदा झाला. देशात तो पहिला. बिहार वर्षभरात मागोमाग आला. केंद्राने २०११ च्या डिसेंबरमध्ये आपले विधेयक लोकसभेत मांडले, ते मंजूर न होता २०१४ मध्ये लोकसभेबरोबर व्यपगत झाले. महाराष्ट्रात २८ एप्रिल २०१५ पासून आधी अध्यादेशाने आणि मग अधिनियमाने ‘लोकसेवा हक्क’ लागू झाला.

या कायद्यांची रचना पाहिली की ब्रिटनची आठवण येत नाही, माहिती अधिकाराची येते. महाराष्ट्राने तो केंद्राच्या आधी, २००२ मध्येच केला होता आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याने तो घट्ट झाला. एक अधिकारी पदनामाने ठरवायचा. त्याने मुदतीत काम केले नाही तर त्याच्या वरच्याकडे अपील. त्यानेही केले नाही तर आणखी वरच्याकडे. शेवटी आयोग. सेवा हक्कात पहिला तो ‘पदनिर्देशित अधिकारी’, मग प्रथम आणि द्वितीय अपील प्राधिकारी. पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही तर दंड पाचशे ते पाच हजार रुपये, पगारातून.

पाचशे रुपयांना आज कोण घाबरतो, असे टीकाकार म्हणतात. ते कचेरीत बसलेले नसावेत. माणूस रकमेला भीत नाही, सेवापुस्तकातल्या नोंदीला भितो, आणि त्याहून वरिष्ठाने विचारलेल्या खुलाशाला. ‘खुलासा सादर करावा’ हे तीन शब्द आपल्या प्रशासनात कुठल्याही चार्टरपेक्षा जास्त काम करतात. माझे म्हणणे एवढेच आहे की आपल्या दफ्तराने ग्राहकाला ओळखले नाही, अपिलाला ओळखले. त्याला समोरच्या माणसाचा हक्क दिसत नसेल कदाचित, वरच्या माणसाचा प्रश्न लगेच दिसतो. विलायती सुधारणेने उतरंड मोडायची ठरवले होते. आपण तिला उतरंडीवरच चढवले, आणि जे काही काम झाले ते त्यामुळेच. फलकावरचे नाव पुसून पदनाम लिहिले गेले ते इथे उपयोगी पडले. नावावर लादलेली जबाबदारी बदलीच्या आदेशाबरोबर जाते. पदावरची जात नाही.

अर्थात दफ्तरानेही आपली चाल खेळलीच. मुदत मोजायची ती सर्व बाबतींत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. आता परिपूर्ण म्हणजे काय हे ठरवणार कोण? एकोणतिसाव्या दिवशी अर्जदाराला कळते की स्वयंघोषणापत्रावरची सही आडवी आहे, किंवा रेशनकार्डाची मागची बाजू जोडलेली नाही. अर्ज ‘त्रुटीत’ जातो. त्रुटी पूर्ण केली की घड्याळ पुन्हा शून्यावर. ‘त्रुटी काढणे’ हा वाक्प्रचार बाहेरच्या माणसाला टीका केल्यासारखा वाटतो, आतल्याला तो वेळेचे व्यवस्थापन वाटतो. हे सगळेच लबाडीने होते असे नाही. लेखापरीक्षणात वीस वर्षांनी एका झेरॉक्ससाठी वसुली निघालेली ज्याने पाहिली आहे तो कागद मागणारच. त्याला उशिराबद्दल कुणी तुरुंगात टाकत नाही, अपुऱ्या कागदावर दिलेल्या दाखल्याबद्दल टाकू शकतात. सुधारणेच्या कोणत्याही विलायती आराखड्यात या भीतीचा रकाना नव्हता.

शिवाय, कोणत्या सेवा कायद्याखाली आणायच्या आणि त्यांना किती दिवस द्यायचे, हे विभागांनीच अधिसूचित करायचे. ज्या कामाला सवयीने पंधरा दिवस लागत त्याला वीस लिहिले की एका दिवसात शंभर टक्के अनुपालन होते.

मग संगणक आला. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून अर्ज करता येऊ लागला, दाखला घरी छापता येऊ लागला. रांगा खरोखरच कमी झाल्या आणि हे श्रेय निर्विवाद. पण पडद्याच्या आतली कचेरी तीच आहे. जून २०१२ मध्ये मंत्रालयाला आग लागली, कागद जळाले, आणि त्यानंतर ई-ऑफिसचा आग्रह वाढला. केंद्राच्या यंत्रणेने तयार केलेल्या त्या प्रणालीत टिपणी लिहायची जागा हिरवी आहे. मसुदा टिपणी पिवळी, पक्की टिपणी हिरवी. कारण केंद्रीय सचिवालयात टिपणीचा कागद हिरवा असतो. कागद संपवायला आलेल्या प्रणालीने कागदाचा रंग पहिल्या दिवशी उचलला. मला हे चेष्टेचे वाटत नाही. हिरवे दिसले म्हणून कित्येक जुन्या अधिकाऱ्यांना तिथे लिहायचा धीर झाला.

तक्रार निवारणाच्या संकेतस्थळांची कथा त्याहून लांब आहे. केंद्राच्या पोर्टलवर तक्रार निकाली काढायची मुदत गेल्या काही वर्षांत पंचेचाळीस दिवसांवरून तीस आणि २०२४ मध्ये एकवीस दिवसांवर आली. प्रश्न पुन्हा शब्दाचाच : ‘निकाली’ म्हणजे काय? ‘आपला अर्ज संबंधित कार्यालयास उचित कार्यवाहीस्तव पाठविण्यात आला आहे’ हे उत्तर ज्याला मिळाले नाही असा तक्रारदार विरळा. पाठवणाऱ्या कचेरीच्या लेखी हा निकालच असतो. तिच्या टेबलावरून कागद हलला. निर्गतीच्या रकान्यात एक वाढला, अखेरची शिल्लक एकने कमी झाली. अर्जदाराचा नळ अजून कोरडाच असतो.

२०२५ च्या जानेवारीत राज्यात शंभर दिवसांची कार्यालयीन सुधारणा मोहीम निघाली. संकेतस्थळ, सुकर जीवनमान, स्वच्छता, तक्रार निवारण, कार्यालयातल्या सोयी, गुंतवणूक, क्षेत्रीय भेटी असे सात मुद्दे. बाहेरच्या संस्थेने गुण दिले, महाराष्ट्र दिनी निकाल लागले आणि मागोमाग दीडशे दिवसांची दुसरी मोहीम जाहीर झाली. कचेऱ्यांना रंग लागला, अडगळीच्या खोल्या रिकाम्या झाल्या, बंद पडलेली पाणी थंड करणारी यंत्रे दुरुस्त झाली. गुणपत्रिकेसाठी लागणारी छायाचित्रे काढायला प्रत्येक शाखेने एक कर्मचारी नेमला.

सेवा हक्क आयोगाचे घोषवाक्य ‘आपली सेवा आमचे कर्तव्य’ असे आहे. दफ्तरी मराठीत ‘आमचे’ हा शब्द परत आला, म्हणून मला ते आवडते. जुन्या ऑइलपेंटच्या फलकावर बऱ्याच ठिकाणी आता फ्लेक्स चढला आहे, कोपऱ्यात क्यूआर कोड आहे. कोड स्कॅन केला की सेवांची यादी उघडते : सेवेचे नाव, कालावधी, पदनिर्देशित अधिकारी, प्रथम अपील प्राधिकारी, द्वितीय अपील प्राधिकारी. रकाने तेच, एक अपील वाढलेले. आणि तळाशी, बारीक अक्षरांत, मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्याच्या दिनांकापासून मोजण्यात येईल.